सहा पूर्णांक दोन

गेल्या महिन्यात एका अनोळखी मुलीचा मेल आला. शिकत असताना ज्या ओढ्यावर मी दोन वर्षं काढली, त्याच ओढ्याच्या पाणलोटावर ती आता पीएचडी करते आहे. आमच्या वेळच्या नोंदवह्या कुणीतरी जपून ठेवल्या होत्या. तिनं त्या एकेक पान करून संगणकात उतरवल्या आणि एका दिवसापाशी येऊन ती अडली. त्या दिवशी पाऊस १७.४ मिलिमीटर. ओढ्याला आलेलं पाणी मात्र त्या मानानं फारच कमी. अलीकडच्या-पलीकडच्या तेवढ्याच पावसांना ओढा चांगला चढला होता, या एका पावसाला त्यानं जेमतेम दाद दिली होती. तिनं त्याचं कारणही शोधून काढलं होतं. आधीचे नऊ दिवस कोरडे गेले होते, जमीन तापली होती, भेगाळली असेल, म्हणून पाच-सहा मिलिमीटर पाणी जास्तीचं मुरलं असावं. शेवटी लिहिलं होतं, ‘मॅडम, तुम्ही तेव्हा तिथे होतात म्हणून विचारते. जमिनीला भेगा पडलेल्या आठवतात का?’

भेगांचं काही आठवत नाही. १७.४ मात्र लख्ख आठवतं. ते मी लिहिलं होतं, आणि त्यातलं ६.२ माझ्या मनचं होतं.

साधा पर्जन्यमापक ज्यांनी हाताळला असेल त्यांना तो प्रसंग डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. वर पाच इंची तोंडाचं नरसाळं, खाली नळकांडं, त्यात एक काचेची बाटली. रोज सकाळी ठरलेल्या वेळी जायचं, नरसाळं उचलायचं, बाटलीतलं पाणी रेघांच्या मोजपात्रात ओतायचं. पाणी काचेला धरून कडेनं थोडं वर चढतं, म्हणून डोळा त्याच्या पातळीला आणायचा आणि मधल्या खोलगट भागाची रेघ वाचायची. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी रात्रभर पडून गेलेला पाऊस सकाळी थांबला होता. गवत पोटरीपर्यंत भिजवत होतं, कुंपणाच्या तारेवर थेंबांची रांग होती, आणि माझी बोटं गारठली होती. निम्म्याहून अधिक पाणी मोजपात्रात गेलं आणि बाटली सटकली. फुटली नाही. आडवी पडली आणि उरलेलं पाणी बुळुक बुळुक करत गवतात गेलं. मी उकिडवी बसून मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं. ११.२. सांडलं किती, ते सांगणारं कुणी नव्हतं. बाटली आधी कुठपर्यंत भरलेली दिसत होती ते आठवायचा प्रयत्न केला, मनातल्या मनात ती पुन्हा ओतली, आणि वहीत लिहिलं, १७.४.

नुसतं १७ लिहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पूर्णांकातला आकडा बघणाऱ्याला जरा तरी संशय येतो. दशांश चिन्हापुढचा तो चार मी कशासाठी घातला हे तेव्हाही मला माहीत होतं. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. त्यात ‘पाणी सांडले’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर प्रश्नच नव्हता. तो मी कोरा ठेवला.

सांडलेलं पाणी होतं तरी किती? नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. त्यावरचे ६.२ मिलिमीटर म्हणजे ऐंशी मिलिलिटरसुद्धा नाही. चार-पाच घोट. पण आमचा पाणलोट होता चाळीस चौरस किलोमीटरचा, आणि त्याच्यासाठी पर्जन्यमापक हा एकच. म्हणजे त्या नरसाळ्याच्या तोंडाच्या तीनशे कोटी पटीहून मोठ्या जमिनीच्या वतीनं ते नरसाळं बोलत होतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित शाळेतलं आहे. माझ्या ६.२ नं त्या पाणलोटावर दोन लाख अठ्ठेचाळीस हजार घनमीटर पाणी पाडलं. जवळपास पंचवीस कोटी लिटर. मेल वाचल्यावर हा गुणाकार मी आयुष्यात पहिल्यांदा केला, आणि खुर्चीत जरा सावरून बसले.

जलविज्ञान म्हणजे नद्या, ढग, हिमशिखरं असलं काहीतरी भव्य असावं, अशा समजुतीनं मी तिकडे गेले होते. जलचक्राच्या चित्रातले ते गुबगुबीत ढग आणि निळे बाण डोक्यात होते. निघाली ती कारकुनी. जमा, खर्च, शिल्लक. पाऊस ही जमा. ओढ्यातून वाहून गेलेलं आणि हवेत उडून गेलेलं हा खर्च. जमिनीत राहिलेलं ती शिल्लक. पाणलोटाची हद्द डोंगराच्या माथ्यावरून आखायची, तिच्या आत आलेला थेंब न् थेंब कुठे ना कुठे दाखवायचा आणि वर्षाअखेरीस ताळा जमवायचा. हिशेबी वर्ष कुठून सुरू करायचं याचीही एक युक्ती असते. जमिनीतली ओल जेव्हा सगळ्यात खाली गेलेली असते तिथून सुरू करायचं, म्हणजे या टोकाची शिल्लक आणि त्या टोकाची शिल्लक साधारण सारखी धरता येते, आणि मोजायला सगळ्यात अवघड असलेली ती रक्कम समीकरणातून आपोआप गळते. मला ही युक्ती तेव्हा फार हुशारीची वाटायची. आता वाटतं, दुकान बंद असताना गल्ला मोजण्यातलाच तो प्रकार.

आमचे सर या कारकुनीत मुरलेले होते. कुणी वर्षाचा ताळेबंद घेऊन गेलं की ते आधी सगळ्यात खालची ओळ बघायचे. तिथे पाच-दहा टक्क्यांचा फरक दिसला की मान डोलावून पुढे वाचायचे. एकदा मी फरक अर्ध्या टक्क्यावर आणून मोठ्या अभिमानानं वही पुढे केली. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, “ताळा इतका जमला की मला रात्री झोप येत नाही.”

गंमत म्हणजे हा ताळा पहिल्यांदा मांडून दाखवणारा माणूस खरोखरच हिशेबातला होता, आणि हिशेबातच बुडालेला. पिएर पेरो. परीकथा लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा थोरला भाऊ. पॅरिसमध्ये करवसुलीच्या मोठ्या हुद्द्यावर होता, वसुलीच्या पैशांवरून नोकरी गेली, कर्जबाजारी झाला. पुढे १६७४ मध्ये त्यानं झऱ्यांच्या उगमावर एक पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता. त्या काळी भल्याभल्यांचा समज असा, की नद्यांना पुरेल इतका पाऊस पडतच नाही. समुद्राचंच पाणी जमिनीखालच्या भुयारांतून वर येत असणार आणि वाटेत कुठेतरी त्याचा खारटपणा जात असणार. पेरोनं सेन नदीचा उगमाजवळचा तुकडा घेतला, तीन वर्षांच्या पावसाची सरासरी काढली, तिला क्षेत्रफळानं गुणलं आणि नदीतून वर्षाला वाहणाऱ्या पाण्याशी ताडून पाहिलं. पाऊस नदीच्या सहापट निघाला. नदीचा आकडा त्यानं बराचसा अदमासानंच धरला होता, आज कुणी तसा धरला तर परीक्षक वही परत करतील. पण सहापटीत एवढी ऐसपैस जागा होती, की अदमास दीडपट चुकला असता तरी निष्कर्ष हलला नसता. चूक पचवायला पुरेशी मोठी गोष्ट त्यानं शोधली होती. माझ्या ६.२ ला ती सवलत नाही.

पेरोच्या पाच हिश्श्यांचं पुढे काय झालं? वर गेले, बरेचसे. एडमंड हॅलीनं, तोच धूमकेतूवाला, १६८७ च्या सुमारास मिठाचं पाणी भरलेलं भांडं तराजूच्या दांडीला अडकवलं, उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट ठेवलं आणि दोन तासांत त्याचं वजन किती घटतं ते मोजलं. तेवढ्यावरून त्यानं अख्ख्या भूमध्य समुद्राची वाफ काढली. आम्ही काही फार पुढे गेलो होतो असं नाही. आमच्याकडे पत्र्याचं एक घंगाळ होतं, सव्वा मीटरभर व्यासाचं आणि वीतभर खोल. रोज त्यातली पातळी किती उतरली ते बघायचं. त्यात पाखरं पाणी प्यायला यायची म्हणून वर जाळी, जाळीची सावली पडते म्हणून वाचनात दुरुस्ती, पत्रा चहूकडून तापतो म्हणून आलेल्या आकड्याला ०.७ नं गुणायचं. हे ०.७ का, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “०.६ आणि ०.८ च्या मध्ये येतं म्हणून.” चेष्टाच होती, पण फार चेष्टाही नव्हती. ऊन, वारा, हवेतला दमटपणा यांवरून बाष्पीभवन काढायचं पेनमनचं १९४८ चं सूत्र आम्ही नंतर शिकलो, ते देखणंही आहे. पण जंगलाच्या उतारावर झाडाझाडागणिक पानांतून नेमकं किती पाणी उडालं, ते कुणाच्याच वहीत थेट उतरत नाही. जगभर जमिनीवर पडणाऱ्या पावसातला साठेक टक्के भाग असा परत आकाशात जातो, आणि खर्चाची ही सर्वांत मोठी रक्कम आम्ही बहुतेक वेळा कशी काढायचो, तर पावसातून ओढा वजा करून. उरेल ते उडालं.

म्हणजे माझे सहा पूर्णांक दोन कुठे गेले असते ते उघड आहे. वर्षाच्या हिशेबात ते वाफ होऊन गेले असते. कुणाला पत्ता लागला नसता. त्या मुलीनं दिवसाचा हिशेब मांडला, म्हणून सापडले.

ओढ्याचा आकडा तरी सच्चा असेल, असं वाटत असेल तर तेही सांगते. गमबूट घालून पाण्यात उतरायचं, दोन्ही काठांना ताणलेल्या दोरीला धरून मीटर-मीटरवर थांबायचं. हातात एक दांडा, त्याला वाट्यावाट्यांचं भिरभिरं. पृष्ठभागापासून खोलीच्या दशांश सहावर ते धरायचं, कारण उथळ पाण्यात सरासरी वेग साधारण तिथे सापडतो. कानाला लावलेल्या यंत्रात भिरभिऱ्याच्या दर फेरीला एक टिक. घड्याळ लावून टिकटिक मोजायची. पाणी पोटऱ्यांवर एखाद्या हट्टी जनावरासारखं रेटत असतं, तळातले गोटे पायाखाली सरकतात, आणि आपण मान खाली घालून एकेचाळीस, बेचाळीस मोजतोय. मला ते काम मनापासून आवडायचं. अशी मोजमापं वेगवेगळ्या पातळ्यांना घ्यायची, कागदावर ठिपके मांडायचे, त्यांतून एक वक्र काढायचा. पुढे मग नुसती पट्टीवरची पातळी वाचली की विसर्ग किती ते वक्रावरून कळतं. पण पूर आला की पाण्यात उतरणार कोण? वरच्या भागात ठिपके नसतातच. तिथे वक्र म्हणजे पेन्सिलीनं पुढे ओढलेली रेघ. मोठ्या पुरांचे जे आकडे आपण श्वास रोखून ऐकतो, त्यांतले कितीतरी अशा रेघेच्या टोकावरून उतरवलेले असतात, आणि तिथेही दशांश चिन्हापुढे एक अंक असतोच.

एक दिवस अजून अंगावर आहे. सरांनी आम्हा पाच जणांना मुसळधार पावसात पाणलोटात पाठवलं. काम एकच, ‘रनऑफ शोधून आणा’, म्हणजे जमिनीवरून वाहणारं पावसाचं पाणी. १९३३ मध्ये हॉर्टननं मांडलेलं आम्ही घोकलेलं होतं: जमिनीच्या मुरवून घेण्याच्या वेगापेक्षा पावसाचा वेग वाढला की जास्तीचं पाणी पृष्ठभागावरून वाहू लागतं. चित्र सोपं होतं, उतारावरून सगळीकडे पाण्याचा पातळ पापुद्रा घरंगळतोय. तीन तास हिंडलो. छत्र्या उलट्या झाल्या, वह्या भिजल्या, कुजक्या पानांचा आणि ओल्या बुंध्यांचा वास नाकात गच्च बसला. पायवाट सोडली तर उतारावर वाहतं पाणी कुठेच नाही. पडेल ते पाचोळा मुकाट्यानं गिळत होता. आणि खाली ओढा मात्र गढूळ होऊन फुगत चाललेला. शेवटी ओढ्याच्या अगदी काठाशी, सखल पट्ट्यात, जमीन पायाखाली पचपचली आणि टाचेच्या खड्ड्यातून पाणी वर आलं. तिथे जमिनीचं पोट भरलेलं होतं. पाऊस जसजसा लांबतो तसतसा हा भरलेला पट्टा काठांवरून वर सरकतो, तेवढाच वाहतो, बाकीचा डोंगर गिळतच राहतो. हे पुस्तकातही होतं, पुढच्या प्रकरणात. पण ते कळलं ते टाचेला.

मग डोंगरानं गिळलं असताना ओढ्यात आलं ते पाणी कुणाचं? याचं उत्तर मला आजही पुरतं पचलेलं नाही. पाण्याच्या काही रेणूंत ऑक्सिजनचा जड भाऊ, ऑक्सिजन-१८, असतो. त्याचं प्रमाण पावसागणिक बदलतं, जमिनीत मुरून महिनोन् महिने राहिलेल्या पाण्यात ते सरासरीवर येऊन ठेपतं. या खुणेवरून पुराच्या पाण्यातलं नवं-जुनं वेगळं काढता येतं. १९७० च्या दशकात हे सुरू झालं आणि दमट प्रदेशांतल्या ओढ्याओढ्यांतून एकच गोष्ट पुढे येत गेली, की पुराचं निम्म्याहून अधिक पाणी त्या पावसाचं नसतंच. ते आधीचं असतं, जमिनीत दबून बसलेलं. नवा पाऊस वरून शिरतो आणि जुन्याला खालून बाहेर ढकलतो. भरलेल्या नळीत इकडून थेंब घालावा आणि तिकडून दुसराच थेंब पडावा, तसं. धक्का काही तासांत पोचतो, पाणी स्वतः मात्र कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी.

हे कळल्यापासून ओढ्याचा पूर बघताना मला जरा चोरट्यासारखं होतं. आपण कालच्या पावसाकडे बोट दाखवतो, आणि वाहत असतं कुठल्यातरी विसरलेल्या पावसाचं.

शिल्लक मोजता येत नाही म्हणून ती गाळायची, ही आमची युक्ती एव्हाना जुनी झाली आहे. २००२ मध्ये दोन जुळे उपग्रह एकाच कक्षेत एकामागे एक फिरायला सोडले, मध्ये सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर. खाली जमिनीत पाण्याचं वजन वाढलं की गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, अंतरात मायक्रॉनचा फरक पडतो, आणि तो फरक मोजून खालच्या प्रदेशानं महिन्याभरात किती पाणी कमावलं किंवा घालवलं ते कळतं. म्हणजे वरून पृथ्वीचं वजन करायचं. हॅलीच्या तराजूचीच ही पुढची पिढी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण अशा उपग्रहांना शेकडो किलोमीटरची जमीन एका घासात दिसते. चाळीस चौरस किलोमीटरचा आमचा पाणलोट त्यांच्या लेखी नाहीच. तिथे अजूनही एक नरसाळं, एक बाटली आणि सकाळी उठून जाणारं कुणीतरी.

तिला उत्तर लिहायला मी अकरा दिवस लावले. दोनदा पूर्ण मेल लिहून पुसला. पहिल्यात मी वाऱ्याबद्दल पानभर लिहिलं होतं: नरसाळ्याच्या तोंडाशी वारा उसळतो, बारीक थेंब बाजूनं निघून जातात, त्यामुळे पर्जन्यमापक तसाही नेहमी थोडं कमीच दाखवतो. सगळं खरं होतं आणि सगळं पळवाट होतं. दुसऱ्यात नुसतीच माफी होती, ती वाचून मलाच कसंतरी झालं. तिसऱ्या वेळी बाटली, गवत, ११.२ आणि कोरा शेरा, एवढंच लिहिलं. आणखी एक वाक्य घातलं, की सांडलं ते खरोखर ६.२ असूही शकेल, मी काही वाईट नजरेची नव्हते. आणि जमिनीला भेगा असूही शकतील. माझ्या खोटेपणानं तुझं स्पष्टीकरण खोटं ठरत नाही, ते फक्त निराधार होतं.

पाठवल्यावर बराच वेळ मी त्या सांडलेल्या पाण्याचा विचार करत होते. जमिनीच्या दृष्टीनं काही सांडलंच नव्हतं. नरसाळं नसतं तर ते तिथेच पडणार होतं. एक रात्र बाटलीत मुक्काम करून ते आपल्या जागी गेलं, गवताच्या मुळांशी उतरलं, कदाचित त्याच आठवड्यात पानातून उडालं, कदाचित खाली खाली जाऊन अजून कुठल्या खडकाच्या फटीत आहे. हवेत पोचलं असेल तर तिथे फार टिकलं नसेल. आकाशातली सगळी वाफ एकदम खाली आली तर पृथ्वीभर जेमतेम इंचभर पाणी होईल, आणि वर्षाला सरासरी मीटरभर पाऊस पडतो. म्हणजे आकाश वर्षातून चाळीस वेळा रिकामं होऊन भरतं, नऊ-नऊ दिवसांनी. समुद्रात पोचलं असेल तर मात्र तीनेक हजार वर्षं मुक्काम. त्या चार घोटांची पांगापांग कधीच झाली असणार. एकत्र राहिले ते फक्त माझ्या वहीत.

परवा तिचं उत्तर आलं. रागाचा एकही शब्द नव्हता, उलट शेऱ्याच्या रकान्यात तिनं आता ‘पाणी सांडले’ लिहून टाकलंय, माझ्या जुन्या हस्ताक्षराच्या फोटोशेजारी. खाली दोनच ओळी: ‘तुमचा तो दिवस काढून हिशेब पुन्हा चालवून पाहिला, मॅडम. ताळा अजूनही जमत नाहीये.’

सरांना झोप लागली असती.